विमानवाहू नौका नाही, पण काम तेच: ‘लाइटनिंग कॅरियर’ ही भानगड नेमकी काय आहे?

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने काही फोटो प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियाजवळचा समुद्र, त्यात एक लांबलचक राखाडी जहाज, वर सपाट डेक आणि डेकवर ओळीने उभी केलेली एफ-३५ लढाऊ विमानं. फोटो बघून कुणीही सांगेल, ही अमेरिकेची विमानवाहू नौका.

पण ती विमानवाहू नौका नव्हती. अमेरिकेकडे ११ विमानवाहू नौका आहेत आणि त्या यादीत या जहाजाचं नाव नाही. ‘यूएसएस ट्रिपोली’ नावाचं हे जहाज कागदोपत्री ‘उभयचर हल्ला नौका’ आहे. म्हणजे सैनिकांना समुद्रातून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. त्या दिवसांत मात्र त्यावर तब्बल २० एफ-३५बी चढवून एक प्रयोग चालला होता. सैनिक नेणाऱ्या जहाजाला छोटी विमानवाहू नौका म्हणून वापरता येतं का, हे अमेरिकेला बघायचं होतं. या प्रयोगाचं नाव ‘लाइटनिंग कॅरियर’. एफ-३५ चं टोपणनाव ‘लाइटनिंग’, त्यावरून हे नाव पडलं.

नाव नवं असलं तरी कल्पना जुनी आहे. इतकी जुनी, की तिचा एक मोठा धडा गिरवलेलं जहाज तीस वर्षं भारतीय नौदलात होतं आणि मुंबईकरांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. त्या जहाजाकडे येऊच. आधी हा प्रकार काय आहे ते बघू.

बेडकासारखं जहाज

उभयचर म्हणजे पाण्यातही आणि जमिनीवरही. शाळेत बेडकाच्या धड्यात हा शब्द सगळ्यांनी वाचलेला असतो. या नौकांचं काम तसंच. एका जहाजात साधारण १७०० मरीन सैनिक, त्यांची वाहनं, तोफा, दारूगोळा, एक छोटं हॉस्पिटल आणि वर हेलिकॉप्टरं. जहाज किनाऱ्यापासून लांब थांबतं आणि सैनिक दोन वाटांनी बाहेर पडतात. काही हेलिकॉप्टरने उडतात. बाकीचे पाण्यातून जातात, आणि ही दुसरी वाट भारी आहे. जहाजाच्या मागच्या बाजूला भलामोठा दरवाजा असतो, त्याच्या आत एक हौद. जहाज आपलं शेपूट थोडं पाण्यात बुडवतं, हौदात समुद्राचं पाणी शिरतं आणि आत उभ्या असलेल्या होड्या आणि होव्हरक्राफ्ट रणगाडे घेऊन थेट बाहेर पडतात. या हौदाला ‘वेल डेक’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंचसं भांडण याच हौदावरून आहे.

अशा जहाजावर थोडी लढाऊ विमानंही असतात, साधारण सहा. किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांना वरून साथ द्यायला तेवढी पुरतात.

आता ज्याने कुणी पहिल्यांदा हा विचार केला असेल त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर २५७ मीटर लांब, ४५ हजार टनांचं जहाज आहे. वर सपाट डेक आहे, खाली विमानं ठेवायला हँगर आहे, इंधनाच्या टाक्या आहेत. फ्रान्सची ‘शार्ल द गॉल’ ही अख्खी विमानवाहू नौका याच आकाराच्या आसपासची आहे. मग हेलिकॉप्टरं उतरवून सगळी लढाऊ विमानंच का चढवू नयेत?

अडचण एकच होती, धावपट्टीची. साधं लढाऊ विमान इतक्या छोट्या डेकवरून उडत नाही. मोठ्या विमानवाहू नौकेवर त्याला ‘कॅटापुल्ट’ने, म्हणजे गलोलीतून दगड भिरकवावा तसं, हवेत फेकलं जातं. उतरताना विमानाचा आकडा डेकवरच्या तारेत अडकवून ते थांबवावं लागतं. ट्रिपोलीवर ना गलोल आहे ना तार.

त्यामुळे ही सगळी कल्पना उभी आहे ती एका खास विमानावर. एफ-३५ चे तीन प्रकार आहेत. ‘ए’ हवाई दलाचं, ‘सी’ मोठ्या विमानवाहू नौकांचं आणि ‘बी’ मरीनचं. ‘बी’मध्ये पायलटच्या मागे एक मोठा पंखा बसवलेला आहे आणि मागच्या इंजिनाचं तोंड खाली वळतं. त्यामुळे हे विमान थोडंसं धावून उडतं आणि परत येताना हेलिकॉप्टरसारखं हवेत थांबून सरळ खाली उतरतं. खाली सोडलेली हवा इतकी तापलेली असते की जुन्या जहाजांच्या डेकवर उष्णता सोसणारा खास थर द्यावा लागला.

पैशाचा हिशेब

अमेरिकेची सगळ्यात नवी मोठी विमानवाहू नौका ‘जेराल्ड फोर्ड’. एक लाख टन वजन, अणुऊर्जेवर चालणारी, ७५ च्या आसपास विमानं आणि किंमत साधारण १३ अब्ज डॉलर. ट्रिपोलीच्या जातीचं जहाज तीन ते चार अब्ज डॉलरच्या घरात पडतं. म्हणजे एका फोर्डच्या पैशात तीन ट्रिपोली.

शिवाय ११ विमानवाहू नौका आहेत म्हणजे ११ समुद्रात आहेत असं नसतं. काही गोदीत दुरुस्तीला असतात, काहींवर प्रशिक्षण चालू असतं. प्रत्यक्ष कामावर असतात त्या मोजक्या. एखादी पश्चिम आशियाकडे वळवली की पॅसिफिकमध्ये जागा रिकामी पडते. अशा वेळी उभयचर नौकेवर १६-२० एफ-३५ चढवून ती तिथे उभी केली तर? मोठ्या विमानवाहू नौकेची सर येणार नाही, पण रिकाम्या जागेपेक्षा बरं.

तिसरा मुद्दा चीनचा. चीनकडे ‘डीएफ-२१डी’सारखी क्षेपणास्त्रं आहेत, जी दीड हजार किलोमीटरवरून मोठं जहाज टिपण्यासाठीच बनवली आहेत. सगळी विमानं एका जहाजावर ठेवली तर ते जहाज गेलं की सगळंच गेलं. तीच विमानं चार जहाजांवर वाटली तर शत्रूला चार ठिकाणी शोधत फिरावं लागतं. सगळी अंडी एका टोपलीत न ठेवण्याचा हा नौदलाचा हिशेब.

ऐकायला सगळं झकास वाटतं. पण मग अमेरिकेने २०२२ नंतर अशा दहा लाइटनिंग कॅरियर का फिरवल्या नाहीत? त्याचं उत्तर शोधायला चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

विराट, जेव्हा ती ‘हर्मिस’ होती

१९५९ मध्ये ब्रिटिश नौदलात ‘एचएमएस हर्मिस’ नावाची विमानवाहू नौका दाखल झाली. सत्तरच्या दशकात ब्रिटनची तिजोरी आटली, विमानं मोठी आणि जड होत गेली आणि हर्मिसचं डेक त्यांना पुरेना. मग ब्रिटिशांनी तिच्यावरची गलोल आणि तारा काढून टाकल्या आणि तिला ‘कमांडो कॅरियर’ केलं. आता तिच्यावर मरीन सैनिक आणि हेलिकॉप्टरं होती. म्हणजे आजच्या भाषेत उभयचर हल्ला नौका.

मग ‘सी हॅरियर’ आलं. सरळ खाली उतरणारं लढाऊ विमान, एफ-३५बी चा आजोबा म्हणा हवं तर. १९८१ पर्यंत हर्मिसच्या नाकाशी वर वळलेली घसरगुंडीसारखी उतरंड बसवली गेली, जिला ‘स्की जंप’ म्हणतात, आणि ती पुन्हा लढाऊ विमानं उडवू लागली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८२ मध्ये, अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटं ताब्यात घेतली. ब्रिटनपासून जवळपास १३ हजार किलोमीटर लांब. ‘इन्व्हिन्सिबल’ ही आणखी एक छोटी नौका सोबत घेऊन हर्मिस निघाली, आणि तीच त्या मोहिमेची ध्वजनौका होती.

छोट्या डेकवरची विमानं खरोखरची लढाई लढू शकतात का, याची पहिली मोठी परीक्षा ती. सी हॅरियरनी अर्जेंटिनाची २० विमानं पाडली आणि हवाई लढाईत एकही सी हॅरियर गमावलं नाही. छोट्या कॅरियरच्या बाजूने बोलणारे आजही हाच आकडा पुढे करतात.

तो आकडा खरा आहे, पण अर्धाच. उरलेलं अर्धं ४ मे १९८२ ला घडलं.

त्या दिवशी अर्जेंटिनाची दोन ‘सुपर एतांदार’ विमानं समुद्राला जवळजवळ चिकटून उडत आली. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे जहाजावरच्या रडारला क्षितिजाखालून येणारं विमान शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. त्यांनी एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडली. ‘एचएमएस शेफील्ड’ या विनाशिकेला त्यातलं एक लागलं, २० नौसैनिक गेले आणि काही दिवसांनी ती बुडाली.

हे टाळता आलं असतं का? ब्रिटनकडे तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत ‘आर्क रॉयल’ नावाची मोठी विमानवाहू नौका होती. तिच्यावरून ‘गॅनेट’ नावाची विमानं रडार घेऊन उंच उडायची आणि क्षितिजापलीकडचं आधीच सांगायची. ती नौका १९७९ मध्ये निवृत्त झाली आणि तिच्याबरोबर गॅनेटही गेली. हर्मिसवर अशी विमानं उडवायची सोयच नव्हती. शेफील्ड गेल्यावर ब्रिटिशांनी घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरला रडार लटकवलं, पण ते तयार होईपर्यंत युद्ध संपलं होतं.

हीच हर्मिस १९८७ मध्ये ‘आयएनएस विराट’ झाली. तिची सी हॅरियर गोव्यात दाबोळीला असायची. भारताने तर तिचा उलटाही वापर केला. १९८९ मध्ये श्रीलंकेतल्या शांतिसेनेसाठी विराटवर गढवाल रायफल्सचे सैनिक चढवले आणि हेलिकॉप्टर घेऊन ती निघाली. म्हणजे विमानवाहू नौका थोड्या काळासाठी पुन्हा सैनिकवाहू. सी हॅरियर २०१६ मध्ये गोव्यात निवृत्त झाली आणि मार्च २०१७ मध्ये विराट मुंबईत. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये तिचं सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायचं ठरवलं होतं, अंदाजे खर्च ८५२ कोटी. ते काही झालं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तिला ओढत गुजरातच्या अलंगला नेलं आणि तिथे तोडलं.

ट्रिपोलीला काय जमत नाही

शेफील्डची गोष्ट इतकी लांबण लावून सांगण्याचं कारण हे, की लाइटनिंग कॅरियरची सगळ्यात मोठी उणीव आजही तीच आहे. मोठ्या अमेरिकन नौकेवर ‘ई-२ हॉकआय’ असतं, पाठीवर थाळीसारखं रडार घेऊन उडणारं विमान. शत्रूची रडार आंधळी करणारं ‘ग्राउलर’ही असतं. दोन्हींना उडायला गलोल लागते. त्यामुळे ट्रिपोलीवर दोन्ही नाहीत. एफ-३५ चं स्वतःचं रडार जबरदस्त आहे हे खरं, पण ते लढायला जातं, तासन्‌तास ताफ्यावर घिरट्या घालून पहारा करणं हे त्याचं काम नव्हे. ब्रिटनने आपल्या नव्या ‘क्वीन एलिझाबेथ’ नौकेवर अजूनही मर्लिन हेलिकॉप्टरलाच रडार बसवलंय. विमान जेवढ्या उंचीवरून बघतं, तेवढी उंची हेलिकॉप्टर गाठू शकत नाही.

दुसरं, पल्ला. एफ-३५बी च्या पोटातली बरीच जागा त्या उभ्या पंख्याने खाल्लेली आहे, म्हणून इंधन कमी मावतं. साधारण ८३० किलोमीटर जाऊन परत येऊ शकतं. मोठ्या नौकेवरचं एफ-३५सी १,१०० किलोमीटरच्या घरात जातं. सरळ खाली उतरायचं तर वजनही मर्यादेत हवं. न वापरलेले बॉम्ब आणि उरलेलं इंधन जास्त झालं तर ते समुद्रात टाकून हलकं व्हावं लागतं. एका बॉम्बची किंमत बघता ही चैन नव्हे.

तिसरं, वेग. अणुऊर्जेवरची नौका ताशी ५५ किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. ट्रिपोलीचा वेग ताशी ४० च्या आसपास. रस्त्यावर हा फरक किरकोळ वाटेल, पण दिवसभरात तो साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो.

आणि मग तो हौद. ट्रिपोली आणि तिची थोरली बहीण ‘अमेरिका’ या दोघींमधून वेल डेक काढूनच टाकला होता. तिथे मोठं हँगर आणि विमानाच्या इंधनाच्या टाक्या आल्या, इंधन आधीच्या जहाजांच्या जवळपास दुप्पट मावू लागलं. विमानवाले खूश झाले. मरीन मात्र वैतागले, कारण रणगाडा हेलिकॉप्टरला टांगून नेता येत नाही. ज्या जहाजातून जड वाहन किनाऱ्यावर जाणार नाही, ते उभयचर कसलं? शेवटी मरीनचं म्हणणं पटलं. पुढचं जहाज ‘बोगनव्हिल’ ऑक्टोबर २०२३ मध्ये पाण्यात उतरलं, आणि त्यात हौद परत आलाय. लाइटनिंग कॅरियरसाठीच जणू बनवलेली जहाजं दोनच, आणि त्यांच्यासारखं तिसरं होणार नाही.

मरीन गेले कुठे?

सगळ्यात टोचणारा प्रश्न मात्र हा आहे, आणि तो तांत्रिक नाही. डेकवर २० लढाऊ विमानं चढवली की हेलिकॉप्टरांना जागा उरत नाही. हेलिकॉप्टर नाहीत म्हणजे मरीनना उतरवता येत नाही. म्हणजे अमेरिकेला एक छोटी विमानवाहू नौका मिळते आणि सैनिक नेणारी एक मोठी नौका त्याच दिवशी कमी होते.

बरं, त्या आधीच कमी आहेत. अमेरिकेच्या कायद्यानुसार किमान ३१ उभयचर नौका हव्यात, त्यातल्या १० मोठ्या. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं की असलेल्या ३२ पैकी निम्म्या नौकांची अवस्था खराब आहे. ‘बॉनॉम रिशार’ नावाची मोठी उभयचर नौका तर लढाईशिवायच गेली. एफ-३५बी साठी तिच्यात बदल करण्याचं काम होत आलं होतं. जुलै २०२० मध्ये सॅन डिएगोच्या बंदरात दुरुस्तीला उभी असताना तिला आग लागली, चार दिवस ती जळत होती आणि शेवटी भंगारात काढावी लागली.

याचा फटका कुणाला बसतो ते २०२३ मध्ये दिसलं. फेब्रुवारीत तुर्कीत भीषण भूकंप झाला. एप्रिलमध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि परदेशी नागरिक अडकले. दोन्ही वेळा हेलिकॉप्टर, होड्या, हॉस्पिटल आणि हजार-दीड हजार माणसं असलेलं उभयचर जहाज सोन्याहून मोलाचं ठरलं असतं. दोन्ही वेळा जवळपास एकही तयार नव्हतं. मरीनचे तेव्हाचे प्रमुख जनरल डेव्हिड बर्गर यांनी अमेरिकन संसदेसमोर याची उघड खंत व्यक्त केली होती. भूकंपाच्या ढिगाऱ्यापुढे एफ-३५ काही कामाचं नसतं.

भारतीयांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मे २०२० मध्ये कोविडच्या लॉकडाऊनमध्ये मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना कोचीला आणलं ते ‘आयएनएस जलाश्व’ने. जलाश्व ही उभयचर नौकाच, अमेरिकेकडून घेतलेली जुनी ‘ट्रेंटन’.

मग हा प्रयोग वाया गेला का? तसंही नाही. अमेरिका हे आधीपासून अधूनमधून करत आलीय. सत्तरच्या दशकात नौदलप्रमुख एल्मो झुमवॉल्ट यांनी ‘ग्वाम’ या उभयचर नौकेवर हॅरियर चढवून प्रयोग केला होता. २००३ च्या इराक युद्धात ‘बतान’ आणि ‘बॉनॉम रिशार’ यांच्यावर प्रत्येकी वीसहून जास्त हॅरियर होती. गंमतीने त्यांना ‘हॅरियर कॅरियर’ म्हणायचे. पण तेव्हा आजूबाजूला मोठ्या विमानवाहू नौका होत्या, आकाशात हवाई दलाची रडारवाली विमानं होती आणि इराककडे सांगण्यासारखं नौदल नव्हतं. दुसऱ्याची छत्री डोक्यावर असली की ही युक्ती छान चालते. एकट्याने भर पावसात उभं राहायचं म्हटलं की शेफील्ड आठवते.

जहाज आपलं, विमान दुसऱ्याचं

अमेरिकेसाठी हा जादाचा पर्याय आहे. बाकीच्या देशांसाठी मात्र हाच एकमेव पर्याय असतो, कारण १३ अब्जांची नौका त्यांना परवडत नाही. इथे खरा पेच सुरू होतो. छोट्या डेकवरून उडणारी लढाऊ विमानं जगात दोनच. हॅरियरचं उत्पादन केव्हाच बंद झालं. उरलं एफ-३५बी, आणि ते कुणाला द्यायचं हे वॉशिंग्टन ठरवतं.

तुर्कीने हे भोगलंय. स्पेनच्या ‘हुआन कार्लोस’ या नौकेच्या आराखड्यावरून त्यांनी ‘अनादोलू’ बांधायला घेतली, स्की जंपसकट. वर एफ-३५बी बसवायचा बेत होता. मधेच तुर्कीने रशियाची एस-४०० हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि जुलै २०१९ मध्ये अमेरिकेने त्यांना एफ-३५ च्या कार्यक्रमातून काढून टाकलं. जहाज तयार होतंय आणि विमान नाही! तुर्कीने मग आपल्याच बायरक्तार ड्रोनचं पंख मिटणारं भावंड बनवलं, टीबी-३. अनादोलू एप्रिल २०२३ मध्ये नौदलात आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये टीबी-३ तिच्या डेकवरून उडून परत तिथेच उतरलं. एफ-३५ च्या जागी टीबी-३ म्हणजे बुलेटच्या जागी स्कूटर, पण स्कूटर घरची आहे आणि किल्ली स्वतःच्या खिशात आहे.

खुद्द स्पेनची गत बघा. ‘हुआन कार्लोस’वर आज हॅरियर आहेत आणि ती म्हातारी झालीत. त्यांच्या जागी येऊ शकेल असं विमान एकच, पण ऑगस्ट २०२५ मध्ये स्पेन सरकारने एफ-३५ घेण्याचा विचार बाजूला ठेवला. हॅरियर गेली की त्या जहाजावर फक्त हेलिकॉप्टर उरतील. थायलंडने हे आधीच करून दाखवलंय. त्यांची ‘चक्री नरूबेत’ १९९७ मध्ये आली, स्पेनकडून जुनी हॅरियर घेतली, सुटे भाग मिळेनात आणि २००६ पर्यंत विमानं निवृत्त. नौका अजून आहे.

ऑस्ट्रेलियाची तऱ्हाच वेगळी. त्यांच्या ‘कॅनबेरा’ आणि ‘ॲडलेड’ याच स्पॅनिश आराखड्याच्या. दोघींना स्की जंप आहे आणि विमान एकही नाही. आराखड्यातून ती काढण्यापेक्षा राहू दिलेली स्वस्त पडत होती, म्हणून राहिली. २०१४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांच्या सरकारने एफ-३५बी चा विचार करायला सांगितला, पण डेक, इंधन, दारूगोळ्याची कोठारं सगळंच बदलावं लागणार हे कळल्यावर वर्षभरात विषय बंद झाला.

ज्यांचं जमलं ते दोन. इटलीची ३८ हजार टनांची ‘ट्रिएस्ते’ डिसेंबर २०२४ मध्ये दाखल झाली. तिला हौदही आहे, स्की जंपही आणि इटलीकडे एफ-३५बी सुद्धा. (इटलीची दुसरी नौका ‘काव्हूर’ ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्यात आली होती आणि ‘विक्रमादित्य’सोबत सराव करून गेली.) दुसरा जपान. त्यांच्या ‘इझुमो’ आणि ‘कागा’ उभयचर नौका नाहीत, पण युक्ती तीच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या राज्यघटनेमुळे जपान ‘विमानवाहू नौका’ हा शब्द टाळतो, म्हणून या २४८ मीटर लांबीच्या जहाजांना ‘हेलिकॉप्टर विनाशिका’ म्हणतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये इझुमोवर अमेरिकन मरीनची एफ-३५बी उतरली. जपान स्वतः अशी ४२ विमानं घेतोय. पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या नौकांपैकी एकीचं नाव कागाच होतं, आणि आता या नव्या कागावर अमेरिकन विमान उतरतं.

चीनने गलोलच बसवली

या सगळ्यांच्या अडचणीचं मूळ एकच, डेकला गलोल नाही. चीनने २७ डिसेंबर २०२४ ला ‘सिचुआन’ नावाचं जहाज पाण्यात उतरवलं आणि मूळच कापलं. ४० हजार टनांहून मोठी उभयचर नौका आणि तिच्यावर विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट. असं आजवर कुणीच केलं नव्हतं. गलोल आली म्हणजे सरळ उतरणाऱ्या खास विमानाची गरज संपली. मोठे, जड, लांब पल्ल्याचे ड्रोन तिथून उडवता येतील असा जाणकारांचा कयास आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिचुआनच्या समुद्रातल्या चाचण्या सुरू झाल्या. तिच्यावर नेमकं काय उडणार हे त्यावरून ठरेल, पण तैवानच्या समुद्रात सैनिकही आणि ड्रोनही एकाच जहाजातून आणण्याची सोय चीनने करून ठेवलीय.

आणि भारत?

भारताच्या दोन विमानवाहू नौका आहेत, ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’. दोन्हींवर स्की जंप आहे आणि उतरायला तारा आहेत, त्यामुळे एफ-३५बी सारख्या विमानाची गरज नाही. मिग-२९के आहेतच, शिवाय एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एम चा करार झाला. सी हॅरियर गेल्यापासून सरळ खाली उतरणारं लढाऊ विमान भारताकडे नाही. म्हणून ‘आपणही लाइटनिंग कॅरियर करावी’ अशी पोस्ट कुठे दिसली तर आधी विचारा, वर उडवणार काय?

भारताची निकड त्याहून साधी आहे. अंदमान-निकोबारपासून लक्षद्वीपपर्यंत बेटं सांभाळायची आणि मोठी उभयचर नौका एकच, ती जलाश्व. तिचा मूळ जन्म १९७१ चा. चार नव्या नौकांसाठी एकदा निविदा निघाली, रद्द झाली, २०२१ मध्ये पुन्हा कंपन्यांकडून माहिती मागवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने ७९ हजार कोटींच्या प्रस्तावांना मान्यता दिली, त्यात अखेर या नौकांचं नाव आलं. मान्यता म्हणजे ऑर्डर नव्हे, निविदा आणि करार अजून बाकी असतात. त्यात डेक किती लांब ठेवायचं, ड्रोनसाठी जागा सोडायची का आणि हौद किती मोठा हवा, हे आता कागदावरच ठरवावं लागेल. एकदा पोलाद कापलं की ते बदलणं किती महागात पडतं, हे ऑस्ट्रेलियाला विचारता येईल.